तिलिस्म आणि चष्मा

उर्दू दास्तानांत तिलिस्म म्हणजे जादूने रचलेली दुनिया. आत शिरणाऱ्याला ती खरीच वाटते. संगणकाने उभे केलेले आभासी वास्तव रंगभूमीवर आले, त्याविषयी वाचताना आम्हाला हाच शब्द आठवला. दास्तानगोजवळ मात्र केवळ जबान असते, इथे यंत्र आहे. यंत्राने नाटकाला नेमके काय दिले, हा आमचा प्रश्न आहे.

अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठात मार्क रीनी यांनी या दिशेने आरंभीचे प्रयोग केले. १९९५ साली त्यांनी एल्मर राइस यांचे १९२३ चे 'द ॲडिंग मशीन' हे नाटक निवडले. पंचवीस वर्षे आकडेमोड करणाऱ्या मिस्टर झीरोची जागा बेरजेचे यंत्र घेते, ही त्याची कथा. पडद्यावरचे संगणकीय नेपथ्य नटाच्या हालचालीबरोबर चालत्या प्रयोगातच बदलत होते. यंत्राने माणसाला हुसकावल्याची गोष्ट यंत्राच्याच साहाय्याने सांगितली गेली, यात औचित्य होते.

१९९६ साली त्यांनी आर्थर कोपिट यांचे 'विंग्ज' केले. एमिली स्टिल्सन ही एकेकाळी उडत्या विमानाच्या पंखांवर चालणारी धाडसी बाई. पक्षाघाताने तिचे शब्दच हरवतात. या प्रयोगात प्रेक्षकांनी आरपार दिसणारे चष्मे डोक्याला लावले होते. समोरची जिवंत नटी आणि तिच्या विस्कटलेल्या मनातली चित्रे, दोन्ही एकाच वेळी दिसत. नजर दुभंगण्याचा धोका यात आहेच. तरीही यंत्र येथे शोभेसाठी आलेले नाही, ते पात्राच्या वेदनेत शिरले आहे.

आम्ही उर्दू माध्यमाचे शिक्षक. घरी अखंड बोलणारा मुलगा मराठीच्या तासाला उभा राहतो आणि शब्द जिभेवर येऊन अडतो. तो आजारी नसतो, पण त्याच्या गप्प राहण्याला आम्ही चटकन अज्ञान म्हणून मोकळे होतो. दुसऱ्याच्या मौनाच्या आत आम्हाला क्षणभर उभे करणारे नाटक म्हणूनच मोलाचे वाटते.

रॉयल शेक्सपिअर कंपनीच्या २०१६ च्या 'द टेम्पेस्ट'मध्ये एरिअल झालेल्या मार्क क्वार्टलीच्या हालचालींवरून संगणकीय एरिअल रंगमंचावर वावरला. पण तो नटही प्रेक्षकांसमोरच होता. हे आम्हाला महत्त्वाचे वाटते.

आमची हरकत आहे ती डोळे पूर्ण झाकणाऱ्या उपकरणाला. ते चढवले की शेजाऱ्याचे पाणावलेले डोळे दिसत नाहीत, आणि नटालाही आमचा चेहरा वाचता येत नाही. शंभर माणसे एका सभागृहात बसून शंभर ठिकाणी एकेकटी होतात. एकमेकांपासून दुरावण्याची सवय समाजाला आधीच पुष्कळ आहे, नाटकाने तीत भर घालू नये. तिलिस्म खुशाल उभे करावे, पण समोरचा माणूस दिसत राहील एवढी काच उघडी ठेवावी.