प्रतिज्ञेतले ‘बांधव’ आणि उद्देशिकेतली ‘बंधुता’

शालेय पाठ्यपुस्तकाची पहिली पाने समीक्षक सहसा उलटून टाकतो. त्याची चिकित्सा धड्यांपासून सुरू होते. परंतु महाराष्ट्रातले मूल दहा वर्षांत जे गद्य सर्वांत जास्त वेळा मोठ्याने उच्चारते ते कुठल्याच धड्यातले नसते. ते प्रतिज्ञेचे असते. त्याच बालभारतीच्या पुस्तकात, एकदोन पाने अलीकडे-पलीकडे, संविधानाची उद्देशिका छापलेली असते. हे दोन मजकूर शेजारी ठेवून, वाङ्मय म्हणून, कोणी तपासल्याचे माझ्या पाहण्यात नाही. ते काम मी येथे करतो आहे. मुलांना ‘नागरिकत्व’ आणि ‘इतर संस्कृती’ यांची ओळख करून देण्याची जी हौस आपल्या शाळांना अलीकडे लागली आहे, तिचे बरेवाईट मला या दोन मजकुरांतल्या अंतरात सापडते.

प्रतिज्ञा पैदिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ साली तेलुगूत लिहिली. चीनबरोबरच्या युद्धाचे ते वर्ष. १९६५ च्या प्रजासत्ताकदिनापासून ती देशभरच्या शाळांतून म्हटली जाऊ लागली. लेखकाच्या सद्हेतूविषयी मला शंका नाही. पण शब्दांकडे पाहा. या मजकुरात देशावर प्रेम आहे, थोरामोठ्यांचा मान आहे, प्रत्येकाशी सौजन्य आहे. समता हा शब्द नाही. न्याय नाही. हक्क नाही. सौजन्य हा मोठा गुण खरा, पण सौजन्य वरचा खालच्याला देऊ शकतो आणि तरीही वरच राहतो. आमच्या आज्यांना दुरून, ओंजळीत, पाणी वाढणाऱ्या कित्येक बायका सौजन्यानेच वाढीत होत्या.

खरी अडचण परंपरेच्या वाक्यात आहे. देशातल्या विविध परंपरांचा अभिमान बाळगायचा आणि त्यांचे ‘पाईक’ होण्याची पात्रता अंगी यावी म्हणून झटायचे, असे मूल सांगते. ‘पाईक’ हा शब्द मराठीच्या रक्तातला आहे. पाईक म्हणजे धन्यासाठी लढणारा पायदळातला शिपाई, चाकर. कोणत्या परंपरेची ही चाकरी? चवदार तळ्याचे पाणी तोडणारी परंपराही विविधतेतच मोडते, आणि १९२७ साली ते पाणी पिऊन तिला नकार देणारीही. प्रतिज्ञा या दोहोंत निवड करीत नाही. ज्याच्या आजोबाला शाळेच्या ओट्याबाहेर बसवले, तो नातू रोज सकाळी हात पुढे करून त्याच ओट्याला लायक ठरण्याची शपथ घेतो. पात्रता सिद्ध करायची कोणी? त्यानेच!

उद्देशिका अभिमान मागत नाही. तिचा कर्ता ‘मी’ नाही, ‘आम्ही’ आहे. तिच्यात न्याय, स्वातंत्र्य, समता असा क्रम आहे आणि शेवटी बंधुता आहे. प्रतिज्ञेत सर्व भारतीय आधीच बांधव आहेत. ते झालेले काम आहे. उद्देशिकेत बंधुता अजून व्हायची आहे, ती वाढवायची आहे, आणि व्यक्तीची प्रतिष्ठा हा तिचा पाया आहे. नेहरूंनी १३ डिसेंबर १९४६ रोजी मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावात बंधुता हा शब्द नव्हता. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालच्या मसुदा समितीने तो घातला. जे नाही ते आहे असे समजून चालणारा देश बाबासाहेबांना नको होता. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात तर त्यांनी जातींत विभागलेल्या लोकांना राष्ट्र समजणे हा भ्रम असल्याचे उघड बजावले.

उद्देशिका शाळेत रोज वाचावी असा शासनाचा आदेश २०१३ सालचा. तो कागदावर राहिला म्हणून २६ जानेवारी २०२० पासून पुन्हा सक्ती करावी लागली. त्या वेळच्या शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड या धारावीच्या आमदार होत्या, हे सहज नमूद करतो.

आता माटुंगा. प्रतिज्ञेचा पिंड शाळेच्या अंगणात कसा उतरतो हे पाहायला याहून सोयीची जागा नाही. प्लेगनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने आखलेला हा भाग. तमिळ, कानडी, गुजराती, कच्छी, पारशी, शीख अशी वस्ती. साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी १९३२ ची, खालसा कॉलेज १९३७ चे. येथल्या मुलाला ‘इतर संस्कृती’ शोधायला कोठे जावे लागत नाही असे वाटेल. म्हणून शाळांतून तिचा उत्सव होतो: एका वर्गाने पंजाब व्हायचे, एकाने केरळ, भांगडा, भरतनाट्यम, इडली, ढोकळा. संस्कृती म्हणजे पोशाख, पदार्थ आणि नाच. संध्याकाळी पोशाख उतरवला की संस्कृतीही उतरते.

रेल्वेच्या रुळांपलीकडे लेबर कॅम्प आहे. नाव माटुंगा लेबर कॅम्प, पत्त्यावर पिनकोडही माटुंग्याचाच, ४०००१९. अलीकडच्या शाळांनी आपल्या विविधतेच्या नकाशावर ही वस्ती दाखवल्याचे मला माहीत नाही. १९३० साली नाशिककडे जन्मलेले बाबुराव बागूल लहानपणी मावशीकडे राहायला आले ते येथे. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा त्यांचा संग्रह १९६३ चा. पोटासाठी जात लपवावी लागणे हा नागरिकत्वाचा केवढा मोठा प्रश्न आहे! नागरिकशास्त्राचे दहा धडे जे सांगू शकत नाहीत ते ही एक कथा सांगते. अण्णाभाऊ साठे याच कॅम्पात वावरले. त्यांच्या अगदी पहिल्या रचनांपैकी एक कॅम्पातल्या मच्छरांवर होती असे सांगतात. मला ही गोष्ट फार अर्थपूर्ण वाटते. गटार तुंबले, डास झाले, तर नगरपालिकेकडे गाऱ्हाणे न्यावे ही पुस्तकातली नागरिकता; त्याचे गाणे करून सगळी वस्ती जागी करावी ही अण्णाभाऊंची.

आणि तमिळ संस्कृतीचे काय? अलीकडे अय्यर-अय्यंगारांची माटुंगा, देवळे, संगीतसभा. पलीकडे धारावीत तिरुनेलवेलीकडून चामड्याच्या धंद्यात आलेले आदि-द्रविड. भाषा एक, राज्य एक, मधे दोन रूळ. शाळेच्या मंचावर जो ‘तमिळ’ उभा राहतो तो नेहमी अलीकडचाच असतो.

मी काही वर्षे या भागातल्या एका शाळेत मराठी शिकवीत होतो. सांस्कृतिक दिनासाठी ‘महाराष्ट्र’ ठरत होता: पैठणी, लावणी, वारीची दिंडी. सातवीतली एक मुलगी कॅम्पातून येत असे. ती म्हणाली, “सर, आमच्याकडं वामनदादांची गाणी म्हणतात. मी म्हणू?” मुख्याध्यापिकाबाईंनी हसून सांगितले, “बेटा, ते राजकीय होतं. आपण संस्कृती दाखवतोय.” मी विचारले की दिंडी धार्मिक होत नाही का. त्यावर बाई म्हणाल्या, “सर, पालकांचाही विचार करावा लागतो.” मुलगी दिंडीत टाळ घेऊन उभी राहिली. चांगली उभी राहिली. वामनदादा कर्डक यांनी आयुष्यभर ज्या हजारो गाण्यांतून माणसांना संविधान, मतदान, शिक्षण समजावले, ती मात्र संस्कृती ठरली नाहीत, आणि नागरिकत्वही ठरली नाहीत.

आमचे काही पांढरपेशे मित्र म्हणतील, कोवळ्या मुलांच्या मनात जात कशाला घालता? जात घालायला मी कोण? ती घरातून, आडनावातून, डब्यातून आलेलीच असते. कोलंबियात ड्युईंच्या वर्गात बसलेल्या बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’त समाजात मुक्त अभिसरण हवे असे जे मांडले, ते अभिसरण एका दिवसाच्या पोशाखाने होत नाही. ते एका बाकावर बसून होते.

बाकाची गोष्ट कायद्याने एकदा केली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना दिल्या. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक शाळांना यातून वगळले. पुढे ९ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने अधिसूचना काढली: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेवर हे बंधन नाही. मुंबईत अशी शाळा जवळ नसलेली खाजगी शाळा दिवा घेऊन शोधावी लागेल. १९ जुलै २०२४ ला उच्च न्यायालयाने ही अधिसूचना रद्द केली. पण त्या पाच महिन्यांत किती शाळांनी ‘आमच्या मुलांना ही दुसरी मुले बाकावर हवी आहेत’ असे म्हटले? इतर संस्कृतींचा उत्सव करणाऱ्यांकडून असा आवाज माझ्या कानी आला नाही.

संधी नाहीत असे नव्हे. बाबासाहेबांचे ‘राजगृह’ हिंदू कॉलनीत, माटुंग्याच्या मुलांना चालत जाण्याजोगे. ७ नोव्हेंबर हा बाबासाहेबांच्या साताऱ्यातल्या शाळाप्रवेशाचा दिवस २०१७ पासून विद्यार्थी दिवस आहे. त्या दिवशी भाषणाऐवजी बागूलांची कथा मोठ्याने वाचता येईल. मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ शहरात नगरसेवकच नव्हते. पाचवीत ‘नगरसेवक’ पाठ करणारे मूल आठवीत गेले तरी त्याला एकही नगरसेवक दिसला नाही. हा प्रश्न किती वर्गांत विचारला गेला? स्वच्छता अभियानाच्या दिवशी मुलांच्या हाती झाडू देऊन छायाचित्र काढतात. उरलेले दिवस तो झाडू कोणाच्या हाती असतो, तो माणूस कोठे राहतो, त्याची मुले कोणत्या शाळेत जातात, एवढे जरी विचारले तरी नागरिकशास्त्राचा तास सुरू होईल.

मी शिक्षकांकडे एकच गोष्ट मागतो. नववीच्या वर्गात प्रतिज्ञा आणि उद्देशिका फळ्यावर शेजारी-शेजारी लिहा. पहिल्या मजकुरात दुसऱ्यातले कोणते शब्द नाहीत ते मुलांना शोधू द्या. रुळांच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या, दोन्ही शाळांत हे करा, आणि मुलांनी लिहिलेले कागद या त्रैमासिकाकडे पाठवा. संपादकांनी ते शुद्धलेखन न सुधारता छापावेत, अशी माझी त्यांना आगाऊ विनंती आहे.