‘जुळणी’ आणि ‘लाइन’

कल्याण-डोंबिवलीच्या कारखानदारीविषयी मराठीत जे लेखन होते, त्यात ‘असेंब्ली’ला बहुधा ‘जुळणी’ म्हटले जाते. हा पर्याय सुबोध असला, तरी इतिहासलेखनास तो पुरेसा नाही, असे आमचे मत आहे.

‘जुळणी’ हा शब्द छापखान्यात चांगला रुळलेला होता. खिळे जुळवणारा जुळारी आपल्या गतीने हात चालवी. ओळ त्याच्या हाती असे. १९१३ साली हेन्री फोर्ड यांच्या हायलंड पार्क येथील कारखान्यात नेमके हेच नाते उलटे झाले. कामगार जागेवर राहिला आणि काम सरकत त्याच्यापुढे येऊ लागले. मोटारीच्या सांगाड्याच्या जोडणीस लागणारे सुमारे साडेबारा तास वर्षाच्या आत ९३ मिनिटांवर आले.

आपल्याकडे वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्यास आरंभी परदेशी सुटे भाग जोडून मोटारी केल्या, ती ‘जुळणी’; १९९०च्या दशकात त्याच कंपनीच्या कल्याणच्या कारखान्यात प्यूजो ३०९ तयार झाली, तीही ‘जुळणी’च. जुळाऱ्याचा हात, आयात भागांची जोडणी आणि सरकते काम या तिन्ही गोष्टी एकाच शब्दात लोपतात.

कामगारांची बोली मात्र हा भेद जाणते. ‘मी गाडी जुळवली’ यात कर्ता माणूस आहे. ‘लाइन चालू झाली’, ‘लाइन थांबली’ यांत कर्ता लाइन आहे. सत्ता कोणाकडे गेली, हे येथे व्याकरणच सांगते. म्हणून सरकत्या कामासाठी ‘लाइन’ हा शब्द केवळ परका म्हणून टाळू नये. तो टाळला, तर कामाचा वेग कोण ठरवीत होते, हा प्रश्नच इतिहासातून गळून पडेल.