एका 'मूर्ख' न्यायाधीशाची कैफियत

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या भल्या लोकांना अर्पण केली. ती अर्पणपत्रिका आपण अभिमानाने सांगतो. पण त्या भल्या लोकांनी पुढे काय केले, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. त्याचे उत्तर शोधताना अल्बियन टूर्झे भेटला. 'गुलामगिरी' निघाली तेव्हा तो नॉर्थ कॅरोलिनात न्यायाधीश होता.

टूर्झेचा जन्म १८३८ साली ओहायोत झाला. १८६१ मध्ये तो उत्तरेच्या फौजेत दाखल झाला. बुल रनच्या पहिल्या लढाईत त्याच्या पाठीच्या कण्याला जबर मार बसला. बरा होऊन तो पुन्हा रणात उतरला आणि १८६३ मध्ये शत्रूच्या कैदेत पडला. सुटल्यावर वकिलीची सनद घेऊन, युद्ध संपताच त्याने हरलेल्या दक्षिणेतच, ग्रीन्सबरोला, बिऱ्हाड केले. १८६८ ते १८७४ तो न्यायासनावर होता. हा मुलूख कु क्लक्स क्लॅनच्या दहशतीचा होता. १८७० साली त्याचा सहकारी, सिनेटर जॉन स्टीफन्स, याचा खून चक्क कोर्टाच्या इमारतीत झाला.

१८७९ मध्ये टूर्झेने 'अ फूल्स एरंड' ही कादंबरी निनावी प्रसिद्ध केली. लेखकाच्या नावाच्या जागी 'मूर्खांपैकी एक' एवढेच होते. ती भरपूर खपली. शीर्षकावरून अनेकजण हा त्याचा कबुलीजबाब समजतात. मला तसे वाटत नाही. मुक्त गुलामांच्या हाती मत देऊन त्यांना वाऱ्यावर सोडणाऱ्या उत्तरेलाच त्याने हा टोला लगावला आहे. कादंबरीतला दोष निराळा आहे. तिच्यात गोऱ्या नायकाचे दुःख मध्यभागी आहे. अंकल जेरी या काळ्या माणसाची फाशी ही वाचकाला हेलावण्यापुरतीच येते. पुढच्याच वर्षीच्या 'ब्रिक्स विदाउट स्ट्रॉ'मध्ये टूर्झेने ही चूक बरीचशी सुधारली. तिथे मुक्त गुलाम निंबस स्वतःच्या जमिनीवर तंबाखू पिकवतो आणि म्हणूनच डोळ्यांत खुपतो. खपाने लहान असली तरी मी हीच कादंबरी मोठी मानतो.

१८९६ च्या प्लेसी खटल्यात टूर्झेने फी न घेता बाजू मांडली. कायद्याला रंग दिसता कामा नये, हा त्याचा मुद्दा एकट्या न्यायमूर्ती हार्लन यांनी उचलला. त्यांनी आपल्या विरोधी निकालपत्रात 'कास्ट' हा शब्दही वापरला. पण टूर्झेचा आणखी एक युक्तिवाद मला खटकतो. प्लेसी दिसायला गोरा; 'गोरा' ही ओळख म्हणजे त्याची मालमत्ता, आणि रेल्वे ती हिरावून घेते, असे तो म्हणाला. वकिली म्हणून हे चतुर आहे. मात्र त्याच गाडीतल्या काळ्या बाईची कुठली मालमत्ता गेली? या युक्तिवादात तिला जागाच नाही.

खटला हरला. १८९७ मध्ये टूर्झे अमेरिकेचा वाणिज्यदूत म्हणून फ्रान्समध्ये बोर्दोला गेला आणि १९०५ साली तिथेच वारला. शाळांपुरते ते तत्त्व मोडायला १९५४ साल उजाडावे लागले.

जोतीरावांची अर्पणपत्रिका चुकली, असे मी म्हणणार नाही. त्यांनी कृत्याचा गौरव केला आणि ते कृत्य गौरवाचेच होते. मात्र ती वाचताना पुढची तेवीस वर्षेही वाचावीत. बेडी तोडणारा कायदा एका दिवसात होतो; तो राखायला टूर्झेसारख्यांचे अख्खे आयुष्यही पुरत नाही.