एकाच होडीतील इतिहास

बालवाङ्मयाचे परीक्षण करताना भाषा सुबोध आहे काय, चित्रे सुबक आहेत काय, एवढेच आपण बहुधा पाहतो. जे सांगितले ते पुरेसे खरे आहे काय, हा प्रश्न मागे राहतो. उत्तर अमेरिकेतील फ्रेंच वसाहतीची, म्हणजे ‘नव्या फ्रान्स’ची, कथा मुलांना ज्या रीतीने सांगितली जाते तिचा विचार करताना हा प्रश्न आम्हांला टाळता येत नाही. या कथेचे सहसा तीन स्वतंत्र पाठ केले जातात. पहिल्यात धाडसी दर्यावर्दी येतो, दुसऱ्यात कातड्यांचा व्यापारी आणि तिसऱ्यात रक्तसाक्षी धर्मगुरू. पहिले दोन इतिहासाच्या पुस्तकाकडे जातात, तिसरा संतचरित्राकडे. मूळ साधने वाचू लागलो की ही वाटणी टिकत नाही.

२४ जुलै १५३४ रोजी जाक कार्तिए याने गास्पेच्या किनाऱ्यावर तीस फूट उंचीचा क्रूस उभारला. मुलांसाठी काढलेले चित्र बहुधा येथेच थांबते. कार्तिएचा वृत्तान्त मात्र पुढे जातो. त्या क्रूसावर फ्रान्सच्या राजाचा जयजयकार कोरलेला होता. तेथील लोकांचा प्रमुख दोनाकोना होडीतून गलबताजवळ आला आणि क्रूसाकडे व सभोवारच्या भूमीकडे हात करून, हा सारा प्रदेश आमचा आहे, अशा अर्थाचे लांब भाषण त्याने केले. क्रूस केवळ वाटेची खूण म्हणून उभारला आहे, असे त्याला खुणांनी सांगण्यात आले. त्याच्या दोन पुत्रांना कार्तिएने फ्रान्सला नेले. १५३६ मध्ये त्याने खुद्द दोनाकोनालाही पकडून नेले आणि तो परदेशातच मरण पावला. दोनाकोनाचा आक्षेप कोणा विरोधकाने मागाहून रचलेला नाही. तो कार्तिएच्याच वृत्तान्तात नोंदला आहे. त्याच १५३४ सालच्या डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली, हे ज्या वाचकांना ठाऊक आहे त्यांना या प्रसंगाचा अर्थ निराळा सांगावयास नको.

दुसरे साधन याहून समृद्ध आहे. १६३२ ते १६७३ या काळात येशूसंघीयांचे वार्षिक वृत्तान्त पॅरिसमध्ये छापले जात. ‘रिलेशन्स’ या नावाने ते प्रसिद्ध आहेत. त्यांत संत झाँ द ब्रेबफ यांनी वेंडाट लोकांकडे जाणाऱ्या नव्या धर्मगुरूंना केलेला उपदेश आहे. फ्रेंच लोक या वेंडाटांनाच ह्यूरॉन म्हणत. ब्रेबफ सांगतात: होडीत बसताना वेंडाटांना खोळंबवू नका, झग्याबरोबर पाणी किंवा वाळू आत आणू नका, ते देतील ते अन्न मुकाट्याने खा, होडी खांद्यावर घेऊन चालावे लागेल तेथे निदान एखादे भांडे तरी तुम्ही उचला, आणि त्यांच्यावर बंधूंप्रमाणे प्रीती करा. मुलांच्या हाती द्यावे असे याहून सरस पान आमच्या पाहण्यात नाही. संतत्व येथे भांडे उचलण्याइतके जवळ येते.

पण ही होडी कोणाची होती? ती बीव्हरची कातडी विकून परतणाऱ्या वेंडाट व्यापाऱ्यांची होती. त्या कातड्याच्या लोकरीपासून युरोपात उंची टोप बनत. १६२७ साली स्थापन झालेल्या कंपनीला कातड्यांच्या व्यापाराचा मक्ता मिळाला, तेव्हाच वसाहतवाले आणण्याची व मिशनरी पोसण्याची जबाबदारीही तिच्यावर आली. व्यापार हवा तर धर्मगुरूंनाही ठेवून घ्या, असे वेंडाटांना सांगितले जाई. पुढे फ्रेंचांकडून बंदुका मिळत त्या बाप्तिस्मा घेतलेल्यांनाच. १६३४ पासूनच्या काही वर्षांत देवी व इतर साथींनी निम्म्याच्या आसपास वेंडाट समाज नाहीसा झाला. मरणोन्मुखांना बाप्तिस्मा देणारे धर्मगुरूच मरण आणतात, असा संशय लोकांना आला, तर त्यात नवल काय? आणि व्यापार व धर्म यांचे नेहमीच जमले असेही नाही: १६६० मध्ये बिशप लाव्हाल यांनी मूलनिवासींना दारू विकणाऱ्यांना बहिष्कृत केले.

१६ मार्च १६४९ रोजी इरोक्वा योद्ध्यांनी ब्रेबफ यांचा अनन्वित छळ करून वध केला. इरोक्वांना केवळ क्रूर म्हणून सोडून देणारी चरित्रे त्या युद्धामागील कातड्यांची स्पर्धा सांगत नाहीत. ती सांगितल्याने रक्तसाक्ष्याचे तेज उणे होईल, अशी भीती लेखकांना वाटते काय? आमचे मत उलट आहे. लोकांचा संशय आणि वाट्याला येऊ शकणारे मरण ब्रेबफ जाणून होते; तरीही ते राहिले. हा संदर्भ काढून घेतला की त्यांचे धैर्य पोकळ दिसू लागते.

तिसरे उदाहरण एका नाताळगीताचे. वेंडाट भाषेतील ‘जेझुस आहातोनिया’ हे गीत परंपरेने ब्रेबफ यांच्या नावावर आहे. जगभरच्या मुलांना परिचित आहे ते जे. ई. मिडल्टन यांचे १९२६ सालचे इंग्रजी रूप. त्यात गोठ्याऐवजी सालींची झोपडी व बाळाभोवती सशाचे कातडे आहे आणि देवाचे नाव ‘गिची मॅनिटू’ आहे. हे नाव वेंडाट भाषेतले नाहीच. ते शेजारच्या अल्गाँक्विन कुळातील भाषांचे. मूळ गीतात या सजावटीला स्थान नाही. तेथे माणसांना बंदिवान करणारा दुरात्मा पळून जातो आणि ख्रिस्तबाळाच्या दर्शनाला आलेले थोर पुरुष वेंडाट रीतीने त्याच्या मस्तकाला तेल लावून त्याचा सन्मान करतात. मूळ गीतकाराने लोकांची रीत जाणून तिला शुभवर्तमानात स्थान दिले; रूपांतरकाराने वेशभूषा चढवली. फादर स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’वर वाढलेल्या मराठी ख्रिस्ती वाचकाला हा भेद चटकन उमगावा.

जुलै २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कॅनडात जाऊन तेथील निवासी शाळांत मूलनिवासी मुलांवर झालेल्या अन्यायाबद्दल क्षमा मागितली. त्या शाळा ब्रेबफ यांच्यानंतर दोन शतकांहून अधिक काळाने उभ्या राहिल्या. दोहोंना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. परंतु केवळ संतचित्रांवर पोसलेल्या मुलाने मोठेपणी ही बातमी वाचली, तर त्याने दोहोंची सांगड कशी घालावी? त्याला लहानपणी सांगितलेले सारेच खोटे वाटू लागेल, आणि त्याबरोबर भांडे उचलणारे ब्रेबफही त्याच्या हातून जातील.

म्हणून मुलांसाठी लिहिणाऱ्यांना आमची विनंती एवढीच की, दर्यावर्दी, व्यापारी आणि धर्मगुरू यांना एकाच पाठात बसवावे, आणि होडी वल्हवणाऱ्या वेंडाटांनाही त्यात बोलू द्यावे. दोनाकोनाचे भाषण कार्तिएला लपवावेसे वाटले नाही. मग आपण ते मुलांपासून का लपवावे?