तळपदे यांचे विमान : अभिमान आणि साक्ष

शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर मानवरहित विमान उडवले, ही कथा मराठीत इतक्या वेळा लिहिली गेली आहे की तिला पुराव्याची गरज आहे असे कोणास वाटेनासे झाले आहे. 'मरुत्सखा' पंधराशे फूट उंच गेले, सयाजीराव गायकवाड व न्यायमूर्ती रानडे उपस्थित होते, 'केसरी'ने वृत्त दिले, हा तपशील एका लेखातून दुसऱ्या लेखात जसाच्या तसा उतरतो. 'केसरी'च्या त्या अंकाची तारीख आणि मूळ मजकूर मात्र कोणी सोबत दिल्याचे आमच्या पाहण्यात नाही. या लेखनाचा मुख्य दोष हाच, की त्यात साक्षीदारांची नावे आहेत, पण साक्ष नाही.

या कथेला आधार म्हणून 'वैमानिक शास्त्र' पुढे केले जाते. आनेकलच्या पंडित सुब्बराय शास्त्री यांनी सांगितलेला हा ग्रंथ भरद्वाज ऋषींचा मानला जातो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ साली त्याची चिकित्सा केली. हा ग्रंथ १९०४ पूर्वीचा नाही आणि त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. तरीही जानेवारी २०१५ मध्ये मुंबईच्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला आणि त्याच महिन्यात तळपदे यांच्यावरील 'हवाईजादा' हा चित्रपट प्रदर्शित झाला.

अभिमानाचा हा मोह केवळ आपलाच नव्हे. अमेरिकेच्या युद्धखात्याने लँग्ली यांना विमानासाठी पन्नास हजार डॉलर दिले; १९०३ साली ते दोनदा पाण्यात कोसळले. पुढे १९१४ मध्ये त्यात फेरफार करून ते उडवण्यात आले आणि लँग्ली यांच्याच स्मिथसोनियन संस्थेने उड्डाणक्षम विमानाचा पहिला मान त्यास दिला. संतापलेल्या ऑर्व्हिल राइट यांनी १९२८ साली आपले विमान लंडनला धाडले. फेरफारांची यादी संस्थेने १९४२ साली प्रसिद्ध केली, तेव्हा वाद मिटला. राइट यांचे विमान १९४८ साली मायदेशी परतले.

बेळगाव-निपाणीच्या वाचकास कागदाचे मोल सांगावयास नको. सीमाप्रश्नात आपण जनगणनेचे आकडे आणि जमिनीचे उतारे पिढ्यान्‌पिढ्या जपले, कारण नुसती भावना न्यायासनापुढे टिकत नाही. गोवामुक्तीच्या वेळी, १८ डिसेंबर १९६१ रोजी, आपल्या सांबऱ्याहून उडालेल्या हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र उद्ध्वस्त केले. ते आपण निःशंकपणे सांगतो, कारण त्याची नोंद आहे. मग तळपदे यांच्याबाबतच आपली कसोटी सैल का व्हावी?

संस्कृत ग्रंथांच्या आधारे आकाशयान घडवू पाहणारा एक मुंबईकर, एवढी त्यांची ओळखही अभ्यासास पुरेशी आहे. दंतकथेच्या भारामुळे तो माणूसच दृष्टीआड होतो. यापुढे जो लेखक तळपदे यांच्यावर लिहील, त्याने आधी त्या अंकाची तारीख शोधावी. ती सापडली, तर तिचे स्वागत सर्वप्रथम आम्हीच करू.