जेल पॉलिश ‘वाळत’ नाही : एका गाजलेल्या संशोधनाचं वाचन

मागच्या दिवाळीत मावसबहिणीचा मेसेज आला. “ताई, तो नेल लॅम्प कॅन्सरवाला आहे ना? म्हणून मी साठ सेकंदांऐवजी तीसच सेकंद हात ठेवते. चालेल ना?” खाली एका बातमीची लिंक. मी तेव्हा थिसिसच्या तिसऱ्या प्रकरणात गळ्यापर्यंत बुडालेली. अंगठा दाखवणारी इमोजी टाकली आणि विसरून गेले. होळीपर्यंत तिच्या बोटांच्या टोकांना भेगा पडल्या होत्या, नखांभोवती खाजणाऱ्या बारीक पाणीदार पुटकुळ्या आल्या होत्या आणि, हे तर तिला कळेचना, पापण्या सुजल्या होत्या. ती बीडीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्या इमोजीची टोचणी आहेच. शिवाय माझं संशोधन दातांत भरायच्या रेझिनवर आहे, डेंटिस्ट निळा प्रकाश मारून घट्ट करतात ते. नखांवरचं जेल त्याच्याच कुळातलं. म्हणजे या विषयावर घरात कोणी बोलायला हवं होतं, तर ते मीच.

आधी ती बातमी. तिच्या मुळाशी जानेवारी 2023 मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात आलेला शोधनिबंध आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या लुडमिल अलेक्झांड्रोव्ह यांच्या गटाचा. त्यांनी उंदराच्या आणि माणसाच्या पेशी ताटलीत वाढवल्या आणि बाजारात मिळणाऱ्या नेल लॅम्पखाली ठेवल्या. वीस मिनिटांच्या एका फेरीत 20 ते 30 टक्के पेशी मेल्या, वीस-वीस मिनिटांच्या तीन फेऱ्यांनंतर 65 ते 70 टक्के. वाचलेल्या पेशींच्या डीएनएमध्ये बिघाड आणि उत्परिवर्तनं दिसली, आणि त्यांचा नमुना त्वचेच्या कर्करोगात दिसणाऱ्या एका नमुन्याशी जुळला.

निबंध चांगला आहे, हे आधी स्पष्ट सांगते. यूव्ही-ए प्रकाश ‘सौम्य’ असतो असं गृहीत धरून हे लॅम्प वर्षानुवर्षं विकले गेले, आणि त्या प्रकाशाचं पेशीच्या आत काय होतं हे नीट पाहण्याचं काम या गटाने केलं. पण या पेशी उघड्या होत्या. आपल्या हातावर असतो तसा मेलेल्या पेशींचा कडक थर त्यांच्यावर नव्हता. आणि वीस मिनिटं ही सलग मात्रा आहे. आपण एकेका थराला अर्धं-एक मिनिट हात आत घालतो. या कामातून कर्करोगाचा धोका वाढतो असा थेट पुरावा मिळत नाही, त्यासाठी माणसांवरचे दीर्घ अभ्यास लागतील आणि त्यांना किमान दशकभर लागेल, असं लेखकांनी स्वतःच म्हटलंय. बातम्यांमध्ये हे वाक्य असलंच तर शेवटच्या परिच्छेदात होतं, आणि शेवटचा परिच्छेद कोण वाचतं? माझ्या बहिणीने तरी नव्हता वाचला.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. त्या प्रयोगात लॅम्प होता, जेल नव्हतं. म्हणजे अर्ध्या प्रक्रियेचा अभ्यास होता, आणि त्यात काही गैर नाही, प्रयोग असेच तुकड्यातुकड्याने करावे लागतात. पण मथळ्यांनी त्यालाच पूर्ण प्रक्रिया करून टाकलं. मग वाचणाऱ्याने साधा हिशोब केला: प्रकाश वाईट, तर प्रकाश कमी करा. आणि प्रकाश कमी केला की या प्रकरणातला दुसरा धोका वाढतो. तो धोका ताटलीतल्या पेशींवर नाही, जिवंत माणसांच्या बोटांवर नोंदवला गेलाय.

आता शब्दाकडे येते. आपण म्हणतो, “नेलपेंट वाळलं.” साधं नेलपेंट खरंच वाळतं. त्यातलं द्रावक उडून जातं आणि मागे थर उरतो. जेलमध्ये उडून जाण्यासारखं फारसं काही नसतंच. बाटलीत असतात मेथाक्रिलेट किंवा अ‍ॅक्रिलेट गटातले छोटे-मोठे रेणू आणि थोडा फोटोइनिशिएटर. प्रकाश पडला की फोटोइनिशिएटर फुटतो, त्याचे तुकडे शेजारच्या रेणूचा दुहेरी बंध उघडतात, तो रेणू पुढच्याला पकडतो, आणि काही सेकंदांत जाळं विणलं जातं. याला क्युरिंग म्हणतात. शब्द परका वाटत असेल तर बांधकामावरचा मुकादम आठवा. स्लॅब टाकल्यावर तो आठवडाभर पाणी मारायला लावतो, त्यालाही ‘क्युरिंग’च म्हणतात. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी अभिक्रिया होऊन होतं. उन्हात नुसतं वाळू दिलं तर वरून टणक दिसतं आणि आतून कच्चं राहतं. जेलचंही तसंच. फरक इतकाच की कच्चा स्लॅब तडकतो आणि दिसतो, कच्चं जेल दिसत नाही.

कच्चं म्हणजे किती? कुठलंच रेझिन शंभर टक्के जुळत नाही. जाळं विणत गेलं की आतल्या रेणूंना हलायला जागा उरत नाही आणि अभिक्रिया अडते. दातांच्या रेझिनमध्ये साधारण 55 ते 75 टक्के दुहेरी बंध जुळतात, आणि ते आम्ही चांगलं मानतो! आम्ही हे इन्फ्रारेड वर्णपटातून मोजतो. 1637 सेंटिमीटर-व्यस्त या जागी दुहेरी बंधाचं शिखर असतं, प्रकाश टाकल्यावर ते किती खाली बसलं हे पाहायचं. सलूनमध्ये हे कोण पाहणार? तिथे बोट लावून पाहतात. आणि बोटाला चिकट लागलं तरी त्यावरून आतलं काहीच कळत नाही, कारण हवेतला ऑक्सिजन वरच्या पातळ थरातली अभिक्रिया रोखतो. पूर्ण क्युअर झालेल्या थरावरही तो चिकटपणा असतोच.

उरलेले बंध सगळे सारखे धोक्याचे नसतात, आणि व्हिडिओंमधून हा मुद्दा पूर्ण गायब आहे. मोठ्या रेणूला दोन टोकं असतात. एक जुळलं नाही तरी दुसऱ्याने तो जाळ्याला धरून असतो. हेमा, म्हणजे हायड्रॉक्सिइथाइल मेथाक्रिलेट, याला एकच दुहेरी बंध. तो जुळला नाही तर अख्खा रेणू मोकळा. आणि हा रेणू छोटा आहे, रेणुभार 130. साधारण 500 च्या खालचे रेणू त्वचेतून आत जाऊ शकतात असा त्वचाशास्त्रात ढोबळ नियम आहे. आत गेलेला हेमा प्रथिनांना चिकटतो, प्रतिकारशक्ती त्याला परका म्हणून ओळखते आणि ती ओळख कायमची ठेवते. पहिल्या काही महिन्यांत काहीच होत नाही, म्हणून “मला तर कधी त्रास झाला नाही” या वाक्याला अर्थ नाही. एकदा ओळख पटली की पुढच्या प्रत्येक भेटीत एक-दोन दिवसांनी पुरळ. पापण्यांवर का? कारण तिथली त्वचा सगळ्यात पातळ आणि आपण दिवसभर डोळे चोळतो.

(टिकलीखाली पांढरा डाग पडलेली एखादी काकू तुमच्याही नात्यात असेल. तिथेही दोष टिकलीचा नसतो, गोंदात मोकळ्या उरलेल्या पॅरा-टर्शरी-ब्युटिलफेनॉलचा असतो. क्रिया वेगळी, तो रंगपेशी मारतो. पण गुन्हेगार तोच: मागे राहिलेला छोटा रेणू.)

डॉक्टरांना हे नवीन नाही. अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने 2012 सालचा ‘अ‍ॅलर्जन’ म्हणून अ‍ॅक्रिलेट्सची निवड केली होती. 2018 मध्ये ब्रिटिश त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने इशारा दिला, त्यात तपासलेल्यांपैकी 2.4 टक्के लोकांना या गटातल्या एका तरी रसायनाची अ‍ॅलर्जी होती. हा आकडा नंतर सगळीकडे फिरला आणि इथेही वाचन घसरलं. ‘तपासलेले’ म्हणजे अ‍ॅलर्जीच्या संशयाने पॅच टेस्टला आलेले रुग्ण. जेल लावणाऱ्या सगळ्या नव्हेत. त्यामुळे “शंभरातल्या दोघींना होते” असं म्हणता येत नाही. कोणी म्हणेल, मग आकडा फुगवलेलाच आहे. तसंही नाही. जिला पुरळ आलं, तिने पॉलिश बंद केलं आणि दवाखान्यात गेलीच नाही, ती यात कुठेच नाही.

युरोपियन युनियनने 2020 च्या नियमाने हेमा असलेली नखांची उत्पादनं ‘फक्त व्यावसायिक वापरासाठी’ केली. कागदावर ठीक. पण ही अ‍ॅलर्जी ज्यांना सगळ्यात जास्त छळते त्यात नेल टेक्निशियन स्वतःच आहेत, रोज आठ तास त्यात हात घालणाऱ्या. ‘व्यावसायिक’ या शिक्क्याने त्यांची त्वचा जाड होत नाही. बाजाराने यावर शोधलेलं उत्तर म्हणजे ‘हेमा-फ्री’. लेबल उलटून पाहा, बऱ्याचदा तिथे हायड्रॉक्सिप्रोपिल मेथाक्रिलेट बसलेलं असतं. एक कार्बन जास्त, बाकी सख्खा भाऊ, आणि हेमाची अ‍ॅलर्जी असलेल्यांना त्याचाही त्रास होऊ शकतो. मला हे लेबल फसवं वाटतं. खोटं नाही, फसवं.

मग नीट क्युअर केलं की झालं का? यूट्यूबवरच्या जाणत्या मंडळींचा हाच सूर आहे, आणि माझं त्यांच्याशी अर्धंच जमतं. क्युरिंग महत्त्वाचं आहे, पण लॅम्पखाली जायच्या आधीच जेल त्वचेला लागलं तर पुढचे साठ सेकंद कितीही काटेकोर असोत, रेणू आत जायला सुरुवात झालेली असते. नखाच्या कडेला ओघळलेलं जेल, चिकट थर पुसताना तोच कापूस बोटभर फिरवणं, कच्च्या थराची कानशीने उडवलेली भुकटी, खरा संपर्क इथे होतो. कडेला लागलं तर लॅम्प लावायच्या आधी पुसायचं, नंतर नाही. पातळ हातमोज्यांवरही भिस्त नको, हे छोटे मोनोमर त्यातून काही मिनिटांत पार जातात.

आणि क्युरिंगचं म्हणाल तर ‘साठ सेकंद’ हा आकडा एकटा निरर्थक आहे. तो एका विशिष्ट लॅम्पसाठी, एका विशिष्ट जेलसाठी, एका जाडीसाठी असतो. फोटोइनिशिएटर ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश घेतो. एलईडी लॅम्प बहुधा 365 आणि 405 नॅनोमीटरला प्रकाश देतात. फक्त 405 देणाऱ्या लॅम्पखाली जुन्या ट्यूबवाल्या लॅम्पसाठी बनवलेलं जेल ठेवलं तर त्याचा इनिशिएटर जवळपास झोपूनच राहील. काळा रंग प्रकाश वरच गिळतो. पांढऱ्यातलं टायटॅनियम डायऑक्साइड 400 नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश शोषतं. म्हणून गडद रंगाचा एक जाड थर आणि तेवढ्याच जाडीचे दोन पातळ थर ही एकच गोष्ट नाही, मध्ये प्रकाश पोचतो की नाही एवढा फरक आहे. खोक्यावरचे वॉट तर विसराच, ते लॅम्प वीज किती खातो याबद्दल आहेत (आणि तेही नेहमी खरे नसतात), नखावर किती प्रकाश पडतो याबद्दल नाहीत.

सप्टेंबर 2025 पासून युरोपात टीपीओ या इनिशिएटरवर सौंदर्यप्रसाधनांत बंदी आली, प्रजननावर परिणाम होऊ शकतो या वर्गीकरणामुळे. त्यावरही ‘विषारी नेलपॉलिश’ छापाचे मथळे आले. बंदीच्या बाजू-विरोधात बोलायची ही जागा नाही. एवढंच की बाटलीतला इनिशिएटर बदलला आणि घरातला लॅम्प तोच राहिला, तर जुने सेकंद नव्या बाटलीला लागू होतीलच असं नाही.

बहिणीकडे परत येते. तीस सेकंदांमुळेच तिला झालं का? हे मला सांगता येणार नाही. ती जेल कडेपर्यंत भरायची, काळं लावायची, स्वस्तातला लॅम्प वापरायची. यातलं कुठलं कारण, हे एका माणसावरून ठरत नाही. त्वचारोगतज्ज्ञांनी पाठीवर पट्ट्या लावल्या, दोन दिवसांनी काढून पाहिल्या, चौथ्या दिवशी पुन्हा पाहिल्या. हेमाच्या चौकोनात लाल, फुगीर, बारीक पुटकुळ्या. तिने फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, “ताई, हे तर आमच्या बाँडिंग एजंटमध्ये असतं.”

असतं. दातावर रेझिन चिकटवायच्या आधी जो द्रव लावतात त्यात हेमा अगदी नेहमीचा घटक आहे. पुढची चाळीस वर्षं ज्या पदार्थाला हात लावायचा, त्याच्याशी तिच्या शरीराने तिसऱ्याच वर्षी वैर धरलं. हाडं बसवायच्या सिमेंटमध्ये आणि मधुमेहींच्या काही सेन्सरच्या गोंदातही याच घराण्यातले रेणू सापडतात, म्हणून प्रश्न फक्त तिच्या धंद्याचा नाही. डॉक्टरांच्या फाइलवर हे आता लिहून ठेवावं लागणार. कॉलेजमधल्या मॅडमनी तिला बाँडिंग एजंटच्या बाटलीला थेट हात न लावता, जाड मोजे घालून, ते दर थोड्या वेळाने बदलत काम करायची पद्धत शिकवायला घेतली आहे. जमतंय, म्हणते. सुट्टीत हात बरे असतात, क्लिनिकच्या आठवड्यात नाही.

तिचा लॅम्प सध्या माझ्या टेबलावर आहे. परवा आमच्या रेडिओमीटरचा सेन्सर त्यात सरकवून पाहिला. मधल्या बोटाच्या जागी एक आकडा, आणि अंगठा जिथे आडवा पडतो तिथे त्याहून बराच कमी. गाइडना दाखवलं तर त्यांनी चष्मा वर करून विचारलं, “हे तुझ्या थिसिसमध्ये कुठल्या प्रकरणात बसतं?”