पूर्वाश्रमीच्या

गेल्या पावसाळ्यात मॉरिशसमधल्या एका कुटुंबाने मला तीन कागदांच्या प्रती पाठवल्या. त्यांची खापरपणजी रत्नागिरी जिल्ह्यातून मजुरीच्या करारावर तिकडे गेलेली. घरात आता कुणाला मराठी वाचता येत नाही, म्हणून अनुवादक शोधत ते गुरुग्रामपर्यंत आले. प्रश्न एकच होता: तिचं लग्नाआधीचं खरं आडनाव कोणतं? वंशवृक्षाच्या तक्त्यात तेवढाच रकाना रिकामा राहिला होता.

पहिला कागद वसाहतीच्या नोंदवहीतला उतारा. 1834 पासून मॉरिशसला गेलेल्या साडेचार लाखांच्या आसपास करारबद्ध मजुरांच्या अशा नोंदी आज मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपलेल्या आहेत. क्रमांक, वय, जात, गाव, जहाज आणि नाव. नाव म्हणजे एक शब्द. दुसरा कागद फ्रेंचमधला, तिथल्या लग्नाचा. त्यात आडनावाच्या जागी तिच्या वडिलांचं पहिलं नाव आहे. मॉरिशसच्या मराठी घरांत हे सर्रास झालं. आज्याचं पाळण्यातलं नाव नातवाचं आडनाव होऊन बसलं. तिसरा कागद म्हणजे गावाहून आलेली चार ओळींची मराठी चिठ्ठी. कुटुंबाची सगळी आशा तिच्यावर होती. चिठ्ठीची सुरुवात अशी: चि. बाय हीस आशीर्वाद. पुढे पाऊस, भात आणि कुणाचं तरी दुखणं. कोकणात घरातल्या लाडक्या मुलीला ‘बाय’ म्हणतात. ज्यांना तिचं नाव पक्कं ठाऊक होतं, त्यांना ते लिहायची गरजच पडली नव्हती.

मी त्यांना लगेच उत्तर दिलं नाही. प्रश्न चुकीचा आहे असं म्हणणं सोपं होतं, पण ज्याचा रकाना रिकामा आहे त्याला ते ऐकवणं उद्धटपणाचं. शिवाय हा प्रश्न मला इथे रस्त्यात भेटतो. मी रोज जिथून जाते तो झाडसा आणि पुढचं बादशाहपूर हा एके काळी बेगम समरूचा परगणा. तिच्या पलटणी 1803 मध्ये असईला, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यात, शिंद्यांच्या बाजूने उभ्या होत्या. तिला फरझाना म्हणत. शाह आलमने दिलेला किताब झेबुन्निसा. 1781 मध्ये आग्र्याला बाप्तिस्मा झाल्यावर ती जोआना झाली. आणि ‘समरू’ हे नवऱ्याच्या ‘सोंब्र’ या टोपणनावाचं हिंदुस्थानी तोंडात झालेलं रूप. तिचे वडील कोण, याच्या एकमेकींशी न जुळणाऱ्या कथा आहेत. ब्रजेंद्रनाथ बॅनर्जींनी 1925 मध्ये तिचं चरित्र लिहिलं, तेव्हापासून चरित्रकार त्या कथा निवडत आणि टाकत आले आहेत. या चार नावांपैकी एकही माहेरचं आडनाव नाही, आणि जे इतिहासाने ठेवलं ते तिच्या नवऱ्याचंही खरं नाव नाही.

मराठीत हा गुंता निराळ्या जागी पडतो, हे मला स्वतःच्या चुकीतून कळलं. काही वर्षांपूर्वी डॉ. आनंदीबाई जोशींवरचा एक लेख मी इंग्रजीत नेत होते. इंग्रजी चरित्रलेखनात फ्रेंचमधून आलेलं एक चिमुकलं विशेषण असतं, ‘ने’, म्हणजे ‘जन्माने’. त्याच्यापुढे माहेरचं आडनाव लिहितात. मी इमानदारीत लिहिलं: आनंदीबाई जोशी, जन्माने जोशी. संपादकाला ती छपाईची चूक वाटली आणि त्याने ते काढून टाकलं. चूक नव्हती. कल्याणच्या जोशांची मुलगी संगमनेरकर जोशांच्या घरात दिली होती. जोशी हा व्यवसाय. गावोगावी जोशी, एकमेकांचे कुणी नाहीत. आडनावाचा रकाना भरला, आणि तरी काहीच सांगितलं गेलं नाही. जे हरवलं होतं त्याला त्या रकान्यात जागाच नव्हती. 1865 मध्ये जन्मलेली ती मुलगी यमुना होती. नवव्या वर्षी लग्न झालं आणि ती आनंदी झाली.

एकदा हे दिसलं की मग सगळीकडे दिसू लागतं. रमाबाई रानडे, देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची मुलगी, तीही यमुनाच. लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या गोखले, आणि त्यांचं नाव मनकर्णिका. झाशीची राणी तांब्यांची मणिकर्णिका, तीही पुढे लक्ष्मीच. बाया कर्वे देवरुखच्या जोशांची गोदू. आधी नातूंच्या घरची बालविधवा, 1893 च्या पुनर्विवाहानंतर आनंदी. यमुना, गोदावरी, मणिकर्णिका: माहेरी नद्या आणि घाट, सासरी देवी आणि सद्गुण. (यावर कुणी प्रबंध लिहिण्याआधीच सांगते, चार उदाहरणांचा नियम होत नाही.) ही रीत सगळ्या जातींत, सगळ्या मुलखांत सारखी नाही. जिथे आहे तिथे पुष्कळ घरांत लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने नवं नाव लिहितो. नाव वाचलं जातं, साखर वाटली जाते, ताट आत जातं. दप्तर शोधणाऱ्याने शोधायचं ते काय? उलट बाजूने पाहा, तर बायकोने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. घ्यायचंच तर उखाण्यात गुंफून.

आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर वर्षभरात, 1888 मध्ये, कॅरोलाइन डॉल यांचं इंग्रजी चरित्र बॉस्टनला निघालं. मथळ्यातच त्यांची ओळख पंडिता रमाबाईंची नातेवाईक अशी करून दिली आहे. अमेरिकन वाचकाला रमाबाई माहीत होत्या. मराठीतल्या श्री. ज. जोशींच्या कादंबरीचं नाव ‘आनंदी गोपाळ’. म्हणजे लग्नानंतरचं नाव आणि ते ठेवणाऱ्याचं नाव, जोडून. कादंबरी मोलाची आहे, मथळाही चपखल, कारण तिचा विषय ते नातंच आहे. पण या मथळ्याने आपल्या स्मरणाला वळण लावलं हे मान्य करावं लागेल. यमुना तिथे प्रस्तावना होते, आनंदी म्हणजे मुख्य मजकूर. शुक्र ग्रहावरच्या एका विवराला तिचं नाव दिलेलं आहे; ते फक्त ‘जोशी’. आकाशात ना यमुना आहे ना आनंदी. आहे ते दोन्ही घरांना समाईक असलेलं आडनाव.

माझा खरा झगडा मात्र एका मराठी शब्दाशी आहे. वर्तमानपत्रं आणि आपले चरित्रकोशाच्या वळणाचे लेख अशा वेळी ‘पूर्वाश्रमीच्या’ लिहितात: पूर्वाश्रमीच्या कुलकर्णी, पूर्वाश्रमीच्या गोखले. शब्द संन्याशाचा आहे. संन्यास घेताना माणूस स्वतःचं श्राद्ध घालतो, शेंडी-जानवं टाकतो, आणि मग त्याच्या आधीच्या नावाला पूर्वाश्रमीचं म्हणतात. ती त्याची निवड असते. नऊ वर्षांच्या मुलीला तोच शब्द लावताना आपल्याला काही खटकत नाही, इतका तो गुळगुळीत झाला आहे. बोलण्यातली मराठी याहून शहाणी. तिथे विचारतात, ‘तुम्ही माहेरच्या कोण?’ आणि बाई म्हणते, ‘मी माहेरची गोखले.’ वर्तमानकाळात. हयात माहेराचा हयात संबंध. लेखणी हातात घेतली की तीच बाई आपण पूर्वाश्रमात ढकलतो.

आणि खरं नाव शोधण्याच्या ओढीत आपण उलटीही चूक करतो. रखमाबाईंचं उदाहरण घ्या. दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई या 1884 ला सुरू झालेल्या खटल्यात दोन्ही पक्षकारांना आडनाव नाही. वादी स्वतःच्या आणि बापाच्या नावाने उभा, प्रतिवादी नुसत्या स्वतःच्या. न्यायमूर्ती पिन्ही यांनी 1885 मध्ये तिच्या बाजूने निकाल दिला. 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा, असं सांगितलं, तेव्हा ती तुरुंगाला तयार झाली. 1888 मध्ये तडजोड झाली, मग लंडनला वैद्यकीचं शिक्षण, मग सुरत आणि राजकोट इथे डॉक्टरकी. आज तिला अनेक ठिकाणी ‘रखमाबाई राऊत’ म्हणतात. राऊत हे सावत्र वडील सखाराम अर्जुन यांच्याकडचं. तिचे जन्मदाते जनार्दन पांडुरंग. माणूस चांगला होता, सखाराम अर्जुननी तिला बळ दिलं, ते आडनाव लावण्यात वाईट हेतू नाही. पण नवऱ्याच्या घरचं नाव नाकारण्यासाठी जी चार वर्षं कोर्टात उभी राहिली, तिला आपण अर्धवट पाहतो म्हणून शेवटी कुणातरी पुरुषाचं आडनाव चिकटवतोच. टाइम्स ऑफ इंडियात तिने ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने लिहिलं. खटल्यात ती नुसती रखमाबाई. हे अपुरेपण तिचं स्वतःचं आहे, ते दुरुस्त करायला घेऊ नये.

ताराबाई शिंद्यांचं याच्या अगदी उलट. ‘स्त्री-पुरुष तुलना’ 1882 मध्ये पुण्यात छापली गेली, आणि तिच्यावरचं शिंदे हे आडनाव बुलढाण्याचे वडील बापूजी हरी शिंदे यांचं. नवरा घरजावई. इतिहासातून नाहीसा झाला तो त्याचा ठाव. ‘तुलना’ वाचणाऱ्याला हा न्याय आवडेल.

महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव वडिलांच्या आधी लागतं. चांगलंच झालं. पण पाळण्यातल्या यमुनेचं लग्नानंतर आनंदी झालं असेल, तर मुलाच्या नावात कोण येणार हे सांगायला नको.

तर अनुवादकाने लिहायचं काय? मला उत्तर मिळालं ते घरच्या जमिनीच्या वारसनोंदीत. आजी गेल्यावर सातबाऱ्यासाठी मामांना एक प्रतिज्ञापत्र करावं लागलं. माहेरच्या वाटणीच्या कागदावर एक बाई, रेशनकार्डावर दुसरी. दोघी एकच, असं शपथेवर सांगायचं होतं. शंभराच्या स्टँपपेपरवर तिची दोन्ही पूर्ण नावं पहिल्यांदा एका ओळीत आली आणि मध्ये शब्द होता ‘उर्फ’. माहेरचं नाव मला तोवर माहीतच नव्हतं. पोलिसांच्या हद्दपारीच्या नोटिशीत भेटणारा शब्द, त्याला थोडा वास आहे, ठीक. पण ‘उर्फ’च्या दोन बाजू समान असतात. खरं कोणतं आणि टाकलेलं कोणतं, ते तो सांगत नाही. ‘ने’ आणि ‘पूर्वाश्रमीच्या’ हे दोघेही सांगतात. आनंदीबाईंचा तो लेख पुन्हा छापायला निघाला, तेव्हा मी इंग्रजीतही तोच शब्द ठेवला: यमुना जोशी उर्फ आनंदी जोशी. नव्या संपादकाने तळटीप मागितली, ती दिली.

मॉरिशसच्या कुटुंबाला मी लिहिलं की नोंदवहीतला एक शब्द कारकुनाने ऐकला तसा लिहिला आहे. तो तिचा माहेरचा की सासरचा, हे या तीन कागदांवरून ठरत नाही. दुसऱ्या कागदातलं ‘आडनाव’ तिच्या वडिलांचं पहिलं नाव आहे, ते तसंच स्पष्टीकरणासह ठेवा. आणि चिठ्ठीचा अनुवाद सोबत जोडला. त्यात ‘बाय’चं भाषांतर मी केलेलं नाही. आठवड्याने त्यांचा नवा वंशवृक्ष आला. तीन शब्द, दोनदा उर्फ. शेवटचा शब्द ‘बाय’ होता, आणि तो त्यांनी देवनागरीत लिहिला होता, थोडासा वाकडा.